आजीलाही चालेल अशी जेली



एसटी स्टँडवरच्या टपरीत काचेच्या बरणीत ठेवलेल्या लिमलेटच्या गोळ्या तुम्हाला आठवत असतील. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, वरून साखर भुरभुरलेल्या, काही केशरी, काही पिवळ्या. घाटात गाडी लागणाऱ्या पोरांना तर त्या औषधासारख्या दिल्या जायच्या. खऱ्या संत्र्याशी त्या गोळीचं नातं तसं लांबचंच, पण जिभेवर ठेवली की आठवायचं मात्र संत्रंच. आज मी जी जेली सांगणार आहे, तिच्यात खरं संत्रंही आहे आणि ही गोळीही आहे. दोघांची गाठ एका ताटात घालून द्यायची आणि मुलांना त्यात खेळू द्यायचं, एवढाच बेत.

या गोळ्यांचा आपल्या महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. विलेपार्ल्याला 1929 मध्ये जो पार्ले कारखाना निघाला, त्यानं बिस्किटांच्या आधी गोळ्या केल्या, आणि त्यात संत्र्याची गोळी होती. मालेगावजवळच्या रावळगावला वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना 1933 चा. साखर हाताशी होती, तेव्हा पुढे तिथं गोळ्याही होऊ लागल्या. रावळगावच्या गोळ्यांवर दोन-तीन पिढ्या पोसल्या. त्या गोळ्यांची नावं 2024 मध्ये रिलायन्सकडे गेली, ही बातमी वाचून आमच्या घरातली चाळिशीपुढची सगळी माणसं उगाचच हळहळली. असो.

आमचं मूळ घर पालीचं. पाली म्हटलं की बहुतेकांचे हात बल्लाळेश्वरासाठी जोडले जातात. ती पाली रायगड जिल्ह्यातली. आमची पाली पुणे जिल्ह्यातली, राजगडाच्या पायथ्याची. नसरापूरला सातारा रस्ता सोडायचा आणि मार्गासनीवरून वेल्ह्याच्या अंगाला निघायचं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडातून अजून वेल्हेच येतं. गडावर चढणारा जुना राजमार्ग आमच्या बाजूनं जातो, आणि वरच्या दरवाजाचं नावच पाली दरवाजा आहे. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्यांना लिंबूसरबत आणि ताक विकणाऱ्या बाया-माणसं याच पायथ्याच्या गावांमधली. त्यामुळे लिंबू पिळणं हे आमच्याकडे हातात बसलेलं काम आहे. परसात कागदी लिंबाचं झाड आहे. संत्री आणि मोसंबी मात्र पुण्याहून न्यावी लागतात.

दिवाळीला सगळी भावंडं, त्यांची मुलं पालीला जमतात. याच सुमारास नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार बाजारात यायला लागतो. फराळ असतोच, पण चार दिवसांनी चकली-चिवडा बघितला की मुलं तोंड फिरवतात. ‘काकी, जेली कर ना,’ हा धोशा सुरू होतो.

आता जेली म्हणजे दुकानातलं पाकीट, गरम पाणी आणि फ्रीज, अशी आपली समजूत असते. आमच्याकडे त्यात दोन अडचणी होत्या. पहिली फ्रीजची. वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा भरवसा नाही. दुसरी अडचण मोठी होती. ती म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्या माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ आल्याला चाळीस वर्षं होऊन गेली, वारी चुकवलेली नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका वाढदिवसाला आम्ही सगळे गेलो होतो. तिथं प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यांतून लाल जेली वाटली. माझ्या धाकट्या पुतणीनं कौतुकानं आपल्या हातानं आजीला दोन चमचे भरवले. आत्यांनाही ती गंमत वाटली. ‘काय गं हे, जिभेवर ठेवलं की पळतंय,’ म्हणून हसल्या. शेजारच्या बाईंनी सहज वाढप्याला विचारलं, यात काय असतं? तो म्हणाला, जिलेटिन. आणि ते कशापासून करतात, तेही त्यानं सांगून टाकलं. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. त्याचं बोलणं खरंच होतं.

आत्या कुणाला काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आंघोळ केली, देवापाशी बसल्या आणि रात्री जेवल्या नाहीत. आठ वर्षांची पोर दाराआड उभी राहून रडत होती, कारण घास तिनं भरवला होता. त्यानंतर मुलांनी काही नवं करून नेलं की आत्या हात मागे घेत. ‘तुम्ही खा रं पोरांनो, मला भूक न्हाई.’ त्यांना भूक असायची, हे पोरांनाही कळायचं. ती पुतणी तर आजीला बिस्किटही विचारेनाशी झाली.

म्हणून मी चायना ग्रासकडे वळले. किराणा दुकानात फालुद्याच्या सामानाशेजारी पांढऱ्या, पारदर्शक, सुतळीसारख्या पट्ट्यांची पुडी मिळते, ती चायना ग्रास. पावडरही मिळते. नाव गवताचं असलं तरी ते समुद्री शेवाळ. शास्त्रातलं त्याचं नाव अगर. आपल्या देशात ते शेवाळ येतं मुख्यतः तामिळनाडूच्या रामनाथपुरम भागातून. तिथल्या मच्छीमार बायका बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, डोळ्यांवर चष्मे लावून समुद्रात बुड्या मारतात आणि खडकावरचं शेवाळ हातांनी खुडून आणतात. हे मी आत्यांना सांगितलं, तर त्यांनी पट्टी हातात घेऊन वास घेतला, उजेडात धरून बघितली. म्हणाल्या, ‘म्हंजी पाण्यातला पाला.’ अगदी बरोबर.

या पाल्याची एक गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत रॉबर्ट कॉख जंतूंचा अभ्यास करत होते. जंतू वाढवायला घट्ट, स्वच्छ थर हवा. त्यासाठी जिलेटिन वापरत. पण उन्हाळा आला की ते वितळून जाई आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकत. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्थर हेसे वैतागले. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी उन्हाळ्यातही न वितळणारी जेली करत. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्या हे शिकल्या होत्या. 1881 च्या सुमारास त्यांनी नवऱ्याला सुचवलं, जिलेटिन सोडा आणि अगर घ्या. 1882 मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्या लेखात अगरचा उल्लेख आहे, पण फॅनीबाईंचा नाही. आजही रक्त-लघवीची ‘कल्चर’ तपासणी होते, तेव्हा त्या काचेच्या बशीत बहुतेक वेळा अगरच असतं. स्वयंपाकघरातून निघालेली जेली अशी दवाखान्यात जाऊन बसली.

फॅनीबाईंना जे कळलं होतं, तेच आपल्या कामाचं आहे. जिलेटिनची जेली साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेला विरघळते, म्हणून ती तोंडात ‘पळते’, आणि म्हणूनच तिला फ्रीज लागतो. अगरची तऱ्हा निराळी. ते विरघळायला चांगली उकळी हवी, पण घट्ट व्हायला पस्तीस-चाळीस अंश पुरतात. म्हणजे पालीच्या ओट्यावर ताट ठेवलं तरी तासाभरात जेली तयार. एकदा घट्ट झाली की उन्हाळ्याच्या दुपारीही वितळत नाही. मात्र ती तोंडात विरघळणार नाही, दाताखाली कुरकन तुटेल. ज्यांना पाकिटातल्या जेलीची सवय आहे, त्यांना पहिल्या घासाला जरा चुकल्यासारखं वाटेल. दुसऱ्या घासाला वाटत नाही.

आता कृती. दहा ग्रॅम चायना ग्रास हे सगळं मिळून एक लिटरला पुरतं. पट्ट्या कात्रीनं बारीक कापायच्या आणि चारशे मिलिलिटर, म्हणजे साधारण अडीच वाट्या पाण्यात अर्धा तास भिजत घालायच्या. मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. आठ-दहा मिनिटांत पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. एकही धागा दिसता कामा नये, आणि घाई इथंच नडते. पूर्ण विरघळल्यावरच साखर घालायची, तीन-चार चमच्यांपासून वाटीभरापर्यंत, फळ किती गोड आहे ते बघून. मग गाळून घ्यायचं.

दुसऱ्या पातेल्यात सहाशे मिलिलिटर संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस. हा रस अजिबात उकळायचा नाही. याला दोन कारणं आहेत. एक, आंबट रसात अगर उकळलं तर त्याची ताकद जाते आणि जेली ढिली राहते. दुसरं, मोसंबीचा आणि संत्र्याचा रस तापवला की कडवट होतो. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग रसात उतरला असेल तर फारच. रस ताजा असताना गोड लागतो आणि ठेवल्यावर कडू होतो, तोही याच गुणामुळे. म्हणून रस काढताना बिया चिरडायच्या नाहीत, आणि काढल्यावर लगेच वापरायचा. पण रस थंडगारही नको. नाहीतर गरम अगर त्यात पडल्या पडल्या गुठळ्या धरतं. गरम पाण्याच्या परातीत भांडं ठेवून रस कोमट केला की झालं. गरम पाक रसात ओतायचा, भराभर ढवळायचं आणि ताटात किंवा वाट्यांत घालायचं. लिंबाची जेली करायची तर रसाच्या जागी पाणी वाढवायचं, साखर जरा सढळ हातानं, आणि चार लिंबांचा रस अगदी शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर.

घट्ट झालीच नाही तर? पुन्हा उकळायची सोय आहे. अगर कितीदाही वितळतं. फक्त आंबट रस त्यात असल्यानं जोर थोडा कमी होतो, तेव्हा दोन चिमटी पावडर वेगळ्या पाण्यात उकळून त्यात मिसळावी.

इथपर्यंत मोठ्यांचं काम. पुढचं मुलांचं.

पहिला खेळ वेषांतराचा. मोसंबी मधोमध आडवी चिरून रस काढायचा, आतला गर चमच्यानं खरवडून काढायचा आणि सालीची वाटी शाबूत ठेवायची. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, त्यामुळे मेहनत जास्त, पण वाटी मजबूत होते. नागपुरी संत्र्याची साल सैल, सहज सुटते आणि तितक्याच सहज फाटते. ती मोठ्या मुलांनी करावी. या साली वाट्यांमध्ये बसवायच्या, म्हणजे कलंडत नाहीत. आता संत्र्याची केशरी जेली मोसंबीच्या सालीत आणि लिंबाची फिकट जेली संत्र्याच्या सालीत ओतायची, अगदी काठोकाठ. घट्ट झाली की सुरी ओली करून प्रत्येक अर्धुकाच्या तीन फोडी करायच्या. दिसायला फळाची फोड, खायला जेली, आणि चव भलत्याच फळाची. पाहुण्यांना ताट पुढे करून मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात.

दुसरा खेळ गोळ्यांचा. त्यात गोळीचा स्वभाव ओळखावा लागतो. गोळी म्हणजे साखर, आणि जेली म्हणजे बहुतेक पाणी. ओल्या जेलीत गोळी पुरून ठेवली की तासाभरात ती पाझरायला लागते. रंग ओघळतो, गोळीभोवती डबकं साचतं. रंगीत बडीशेपेचं आणि जेम्सच्या गोळ्यांचंही तेच होतं, लाल तर सगळ्यांत आधी. आमच्या मुलांना हे ओघळ इतके आवडले, की एका पांढऱ्या लिंबू-जेलीच्या ताटावर त्यांनी मुद्दाम रंगीत बडीशेप टाकून रंगपंचमी केली. पण गोळ्या जशाच्या तशा दिसायला हव्या असतील तर वाढायच्या क्षणी वरून ठेवाव्यात.

आणि गोळी विरघळतेच, तर आपणच ती विरघळवावी. वीस-पंचवीस लिमलेटच्या गोळ्या चारशे मिलिलिटर गरम पाण्यात टाकून मुलांनी चमच्यानं ढवळत बसायचं. केशरी गोळ्या एका भांड्यात, पिवळ्या दुसऱ्यात. त्यात रंग, साखर, वास आणि लिंबाच्या फुलाचा आंबटपणा आयताच असतो. पाऊण वाटी पाण्यात पाच ग्रॅम अगर वेगळं उकळून त्यात मिसळलं की गोळीची जेली तयार. ती खऱ्या रसाच्या जेलीवर थर म्हणून ओतायची. रसाची जेली धूसर असते, गोळीची आरपार दिसते, त्यामुळे दोन थर छान उठून दिसतात. थर देताना खालचा नुकताच धरलेला, अजून हाताला ऊबदार लागणारा असावा. तो पार गार झाला असेल तर वरचा थर त्याला चिकटत नाही आणि कापताना घसरून वेगळा होतो.

तिसरा खेळ पालीतच सुचला. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला असतोच. आमच्या मुलांना किल्ला बघायला पुस्तक उघडावं लागत नाही, मान वर केली की राजगड आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी ताटात जेलीचा राजगड केला. परातीत बोटभर जाडीची लिंबाची जेली ओतली. ती घट्ट झाल्यावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या सुरीनं कापल्या. मधे बालेकिल्ला म्हणून फुलपात्रात लावलेली संत्र्याची जेली उपडी केली. सुवेळा माचीच्या खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते सरबताच्या नळीनं पाडलं. पुदिन्याची पानं खोचून जंगल केलं. पाली दरवाजापाशी लिमलेटचे दोन मावळे उभे केले, आणि बाकीचे मावळे कुणी आधी खायचे यावरून खरी लढाई झाली. जिलेटिनचा बालेकिल्ला दिवाळीच्या दुपारी उभा राहिला नसता. अगरचा संध्याकाळपर्यंत ताठ होता.

आता एक गोष्ट मी जरा कडक आवाजात सांगणार आहे. कडक गोळी पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही, जेलीत लपवून तर नाहीच. मूल जेली समजून गिळायला जातं आणि आत गोळी निघते. ती घशात अडकू शकते. जेलीचा अख्खा गोळाही लहानग्यांना धोक्याचा. एका घोटात तोंडात ओढायच्या चिमुकल्या पेल्यांमधली कोंजॅक नावाच्या कंदाची जेली घशात अडकून परदेशात मुलं दगावली. त्यामुळे युरोपीय संघानं 2002 मध्ये तसल्या जेलीवर बंदी घातली. अगरची जेली दाताखाली तुटते हे खरं, पण ज्याला दाढाच नाहीत त्याला त्याचा काय उपयोग? लहानांना बारीक चिरून, मांडीवर घेऊन, चमच्यानं द्यावी. त्यांच्यासाठी गोळीच्या जेलीचे मुगाएवढे तुकडे करून वर भुरभुरले, तर त्यांनाही ‘गोळ्या’ मिळाल्याचा आनंद होतो. आणि जेली तोंडात असताना पळापळ नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

गोळ्या विकत घेताना पाकीट उलटून बघण्याची सवय मुलांना लागली, ती आजीमुळे. शाकाहारी खाण्यावर हिरवा ठिपका असतो. मांसाहारी घटक असेल तर पूर्वी तपकिरी ठिपका असायचा, आता तपकिरी त्रिकोण असतो. साध्या कडक गोळ्यांमध्ये सहसा अडचण नसते. मऊ, चिवट, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या आणि मार्शमेलो यांत मात्र जिलेटिन असू शकतं. दुकानात आता शाकाहारी जेलीची पाकिटंही मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पाकिटांत कॅरागीनन असतं, तेही समुद्री शेवाळातलंच. घाईच्या दिवशी तीही चालतील. पण ज्याच्या ताटात वाढायचं त्याला आधी सांगून.

पहिल्यांदा चायना ग्रासची जेली केली, तेव्हा ती पुतणी, आता बारा वर्षांची, आजीच्या शेजारी पाटावर बसली होती. तिनं पट्ट्यांची रिकामी पुडी, संत्र्याच्या साली आणि गोळ्यांचं पाकीट, सगळं आजीसमोर मांडलं आणि एकेक वाचून दाखवलं. आत्यांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका बोटानं चाचपला. वाचता येत नसलं तरी रंग त्यांना कळतो. मग म्हणाल्या, ‘घाल की मंग, वाट कशाची बघती?’ पोरीनं ताट पुढे सरकवलं, पण भरवलं नाही. आत्यांनी स्वतःच्या हातानं फोड उचलली, चावली आणि म्हणाल्या, ‘ही पळत न्हाई.’

तेव्हापासून लिंबं तोडून आणण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. उपवासाला ही जेली चालते का, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोडलाय. आषाढीला चालत नाही, चतुर्थीला चालते, असा सध्याचा निकाल आहे. कारण विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही.

राहिलेली जेली झाकून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिला थोडं पाणी सुटतं. त्यात बिघडल्यासारखं काही नाही, ते ओतून टाकावं. पण ताज्या रसाची जेली फ्रीजशिवाय एका दिवसाच्या वर ठेवू नये. संत्र्याच्या उरलेल्या साली उन्हात वाळवून चहात टाकता येतात. मोसंबीच्या सालींचं मात्र आमच्याकडे अजून काही जमलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.